स्लीव्हनंतर जठर सैल पडते, पण सगळे खापर त्याच्यावर फोडावे का?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वय ३८ होते आणि वजन ११८ किलो. दीड वर्षात ते ७४ किलोपर्यंत उतरले आणि काही महिने तिथेच स्थिर राहिले. गेल्या वर्षभरात मात्र ते चढत चढत ८१ किलोंवर आले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात चार चमचे सूप घेतले की पोट भरायचे. आता लहान ताटलीभर जेवण मी सहज संपवते आणि दोन तासांत पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. बहिणीचे म्हणणे असे की, मी खाऊन खाऊन जठर पूर्वीइतके ताणले आणि शस्त्रक्रिया वाया घालवली. पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घेतले की जठर आकसते, असे ऐकून मी तेही दोनदा केले. दोन्ही वेळा दोन किलो उतरले आणि आठवड्यात परत आले. वाढलेले वजन घेऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसमोर जायची लाज वाटते, म्हणून दीड वर्ष तिकडे फिरकलेले नाही. माझे जठर खरेच ताणले गेले असेल का? ते पुन्हा लहान होईल का, की दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल?

उत्तर : प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. होय, स्लीव्ह केलेले जठर काळाबरोबर थोडे सैल पडते आणि त्यात सुरुवातीपेक्षा जास्त मावू लागते. हे बहुतेकांच्या बाबतीत घडते आणि शस्त्रक्रिया ठरवतानाच ते गृहीत धरलेले असते. मात्र ते शस्त्रक्रियेपूर्वीइतके मोठे होत नाही, कारण त्याचा जो भाग सर्वांत जास्त ताणला जात असे, तो आता तुमच्या शरीरात उरलेलाच नाही. तुमचे सात किलो केवळ जठराच्या आकारामुळे परत आले, असे मानण्यासारखे तुमच्या पत्रात मला काही सापडले नाही. उलट दुसरीकडे बोट दाखवणारी दोन वाक्ये सापडली. त्यांच्याकडे मी येतेच, पण त्याआधी जठर ताणले जाते म्हणजे नेमके काय होते ते पाहू, कारण तुमच्या बहिणीच्या आणि बहुधा तुमच्याही डोळ्यांसमोर जे चित्र आहे, ते बरोबर नाही.

जठर हा स्नायूंचा अवयव आहे आणि ताणले जाणे हे त्याचे रोजचे कामच आहे. ते रिकामे असताना त्याच्या भिंतींना आतून घड्या पडलेल्या असतात. घास खाली उतरू लागला की जठराचा वरचा, घुमटासारखा भाग मज्जातंतूंच्या संदेशाने आपणहून सैलावतो, घड्या उलगडतात आणि एक ते दीड लिटर अन्नपाणी आतला दाब फारसा न वाढता सामावले जाते. अन्न पुढे सरकले की जठर पुन्हा आकसते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून बाहेर काढतात आणि त्यात हा घुमट जवळजवळ पूर्णपणे जातो. तो काढलेला भाग शस्त्रक्रियेनंतर हातात घेतला की ओल्या, रिकाम्या पिशवीसारखा लुळा लागतो. त्यात पाणी भरले तर घुमटाची बाजू सर्वांत आधी फुगते आणि बघता बघता तळहातात मावेनाशी होते. आत मागे राहते ती केळ्याच्या आकाराची, साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावेल अशी नळी. शिवणकाम जाणणाऱ्यांना यातला फरक चटकन कळेल. एकाच कापडातून कापलेली उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी ओढली की लांबते आणि सरळ पट्टी फारशी हलत नाही. घुमट ही उरेब पट्टी होती. तुमच्याकडे उरली आहे ती बरीचशी सरळ पट्टी आहे; ती वापराने थोडी सैलावेल, पण तिचा पुन्हा घुमट होणार नाही.

तरीही ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, सुरू केली. पुढे १९७० च्या दशकात आतड्याला हात न लावता, स्टेपलची आडवी ओळ मारून जठराचा फक्त वरचा कप्पा वेगळा करण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हा कप्पा घुमटातूनच तयार केलेला असल्यामुळे तो पसरत जाई, त्याचे तोंड रुंदावे, कधी स्टेपलची ओळच सुटे आणि वजन परत चढे. त्यातून धडा घेऊन मेसन यांनीच १९८० च्या सुमारास कप्पा उभा, जठराच्या आतल्या कडेला, जिथली भिंत जाड आणि कमी ताणली जाणारी असते तिथे करायला सुरुवात केली आणि त्याच्या तोंडाशी न ताणली जाणारी पट्टी बसवली. आजची स्लीव्ह याच आतल्या कडेला धरून केली जाते. ‘जठर पुन्हा पहिल्यासारखे होते’ हे वाक्य त्या जुन्या शस्त्रक्रियांच्या काळापासून लोकांच्या तोंडी आहे आणि शस्त्रक्रिया बदलल्या तरी ते वाक्य काही बदललेले नाही.

आता पहिल्या महिन्यातल्या त्या चार चमच्यांविषयी. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या चार चमच्यांना आयुष्यभराचे माप समजून बसलेले असतात, म्हणून इथे मी जरा थांबते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जठराच्या संपूर्ण लांबीवर स्टेपलची ताजी ओळ असते, भिंतीला सूज असते, स्नायूंची हालचाल पूर्ववत झालेली नसते. तेव्हा जे चार चमचे मावत होते, ते सुजलेल्या नळीचे माप होते. सूज उतरायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात, त्यानंतर नळी तिच्या खऱ्या मापावर येते आणि पुढे वर्षभरात ती आणखी थोडी सैलावते. वर्षाच्या शेवटी एक ते दीड कप जेवण जाणे हे अगदी स्वाभाविक आहे, किंबहुना ते गरजेचे आहे, कारण चार चमच्यांवर कोणाच्याही शरीराला पुरेशी प्रथिने मिळू शकत नाहीत. तुमची लहान ताटली साधारण एवढीच भरत असेल, तर तुम्ही काहीही बिघडवलेले नाही. तुलना करायचीच असेल तर ती शस्त्रक्रियेनंतरच्या बाराव्या महिन्यातल्या जेवणाशी करा.

जठरात गॅस तयार करणारी पूड पाजून सी. टी. स्कॅनवर स्लीव्हचे आकारमान मोजण्याचे प्रयोग अनेकांनी केले आहेत. एक-दोन वर्षांनंतर ते वाढलेले दिसते, काहींमध्ये दुपटीच्या घरातही जाते. पण आकारमान वाढलेल्या सगळ्यांचे वजन वाढलेले नसते आणि वजन वाढलेल्या सगळ्यांचे जठर मोठे झालेले नसते. या दोन गोष्टींचा संबंध आहे, पण तो सैल आहे. जिथे तो खरोखर घट्ट असतो, तिथे बहुधा शरीररचनेतलेच काही कारण सापडते : शस्त्रक्रियेच्या वेळी घुमटाचा मोठा तुकडा मागे राहून गेलेला असतो आणि तो पुढे फुगत जातो, किंवा नळीच्या मधल्या वळणाशी चिंचोळी जागा तयार झालेली असते आणि तिच्या वरचा भाग दाबामुळे पसरतो. यातल्या कोणत्याही गोष्टीत रुग्णाची चूक नसते. ज्यांची बायपास झाली आहे अशा वाचकांसाठी एवढेच सांगते की, त्यांच्या बाबतीत जठराच्या छोट्या कप्प्याइतकेच, तो कप्पा आतड्याला जोडला आहे त्या तोंडाकडेही पाहावे लागते. ते तोंड दोन सेंटिमीटरहून जास्त रुंदावले तर अन्न कप्प्यात न थांबता पुढे निघून जाते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही.

मग खाऊन जठर ताणता येते की नाही? एका लग्नातल्या किंवा एका सुटीतल्या जादा जेवणाने नाही, हे मी निःशंकपणे सांगते. त्या दिवशी दुखेल, जळजळेल, कदाचित उलटी होईल, पण जठर दुसऱ्या दिवशी पूर्वपदावर येईल. पोट भरल्याची खूण मिळाल्यावरही रोज, महिनोन्‌महिने चार घास जास्त रेटत राहिले, तर मात्र जठराच्या स्नायूंना जास्त सैलावण्याची सवय लागू शकते. शर्यतीत अफाट खाणाऱ्या एका माणसाच्या जठराची क्ष-किरण तपासणी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात करण्यात आली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचे जठर जवळजवळ न आकुंचता मोठ्या पिशवीसारखे पसरत गेलेले दिसले आणि एवढे खाऊनही त्याला पोट भरल्यासारखे वाटले नाही. हा अतिरेकाचा नमुना झाला, शिवाय त्या माणसाचा घुमट शाबूत होता. उलट बाजूने, शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल व्यक्तींना चार आठवडे अगदी मोजका आहार दिल्यावर त्यांच्या जठराची क्षमता फुग्याने मोजली, तेव्हा ती एक चतुर्थांशाहून अधिक घटलेली आढळली, असाही एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे स्नायूंची सवय दोन्ही दिशांनी बदलू शकते. सोड्यासारख्या फसफसणाऱ्या पेयांनी स्लीव्ह कायमची फुगते, असे सांगितले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही, पण गॅसने अस्वस्थ वाटते आणि गोड पेयातून साखर जाते, म्हणून ती टाळायला सांगतात आणि मीही तेच सांगेन.

आता तुमच्या किलोंकडे वळू. बहिणीने सात किलो पाहिले. मी आधी चव्वेचाळीस पाहते. ११८ वरून ७४ म्हणजे ४४ किलो उतरले, त्यातले ३७ आजही उतरलेलेच आहेत, म्हणजे मूळ वजनाच्या ३१ टक्के. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावले होते. तुमची शस्त्रक्रिया निराळी आहे आणि तुम्हाला तीनच वर्षे झाली आहेत, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येणार नाही, पण तळाला गेलेले वजन थोडे वर येणे हा या प्रवासाचा भागच आहे, एवढे त्यावरून नक्की समजते. वजन उतरले की शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्च करू लागते, भुकेचे संकेत पुन्हा जोर धरतात, आणि पहिल्या वर्षातला तो विलक्षण काळ, जेव्हा जेवणाची आठवणसुद्धा होत नव्हती, तो सरतो. घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधले. ते प्रामुख्याने घुमटातच तयार होते आणि घुमट काढल्यावर त्याचे प्रमाण घटते, म्हणून सुरुवातीला भूक इतकी मंदावते. पण भुकेची सगळी सूत्रे एकट्या घ्रेलिनच्या हाती नसतात आणि शरीर हळूहळू दुसरे मार्ग शोधते. ‘शस्त्रक्रिया वाया गेली’ हे म्हणणे हिशेबाने चुकीचे आहे आणि ते तुमच्या मनातून जावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तरी वर्षभर वजन एकाच दिशेने चढत असेल, तर पाणी कुठे मुरते आहे ते शोधलेच पाहिजे, आणि इथेच तुमच्या पत्रातले पहिले महत्त्वाचे वाक्य येते : ‘दोन तासांत पुन्हा काहीतरी खावेसे वाटते.’ ताटलीचा आकार तुम्ही मला सांगितलात, पण ताटलीत काय होते आणि दोन ताटल्यांच्या मध्ये काय होते, ते सांगितले नाही. स्लीव्हची नळी पोट भरल्याची जाणीव देते ती घट्ट, चावून खावे लागणाऱ्या अन्नाने. अंडी, मासे, चिकन, पनीर, कडधान्ये, भाज्या असे पदार्थ नळीत थांबतात आणि हळूहळू पुढे सरकतात. बिस्किटे, केक, आइस्क्रीम, चॉकलेट, कुरकुरीत तळलेले पदार्थ मात्र तोंडातच विरघळतात किंवा चुरा होऊन, पाण्याच्या घोटाबरोबर तर आणखी सहज, घसरून जातात. नळी कितीही चिंचोळी असली तरी ते अडत नाहीत. मूळ नळीतून जितके उष्मांक दिवसभरात असे घसरून जाऊ शकतात, तितके सैलावलेल्या नळीत एका बैठकीत चावून खाणे अवघड आहे.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. तेही जठर ताणले गेल्याची खात्री बाळगून होते आणि त्यांना थेट दुसरी शस्त्रक्रिया हवी होती. मी त्यांना एक वही दिली आणि पंधरा दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहायला सांगितली. तीन जेवणांच्या ओळी नेटक्या होत्या, प्रमाणही उत्तम होते. पण मधल्या ओळी लहान लहान अक्षरांत, समासात लिहिलेल्या होत्या : सकाळी अकराला दुधाची कॉफी आणि दोन बिस्किटे, साडेबाराला मुलाच्या डब्यातले उरलेले, चारला कॉफी आणि दोन बिस्किटे, सहाला मूठभर शेंगदाणे, रात्री साडेदहाला दूध आणि बिस्किट. ‘हे जेवणात धरायचे का?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्यांच्या स्वरात खोटेपणा नव्हता. त्यांना खरोखरच ते खाणे वाटत नव्हते. त्या समासातल्या ओळींची बेरीज केली, तर ती तीन जेवणांहून जास्त भरली. त्यांच्या जठराची तपासणी आम्ही केली आणि ती सामान्य निघाली.

तुमचेही असेच असेल, असे मी न पाहता म्हणणार नाही. पण दोन आठवडे अशी वही लिहा आणि त्यात समास ठेवू नका. सोबत आणखी एक गोष्ट करून पाहा. दोन-तीन दिवस दुपारच्या जेवणात आधी घट्ट प्रथिने घ्या, लहान घास नीट चावा, वीस-पंचवीस मिनिटे लावा, जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी पिऊ नका, आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबा. मग किती प्रमाणात थांबलात आणि भूक केव्हा लागली, ते लिहा. कप-दीड कपावर पोट भरले आणि तीन-चार तास निवांत गेले, तर तुमची नळी तिचे काम चोख करते आहे आणि शोध दुसरीकडे घ्यायचा आहे. याच मार्गाने जेवूनही दोन-तीन कप सहज जात असतील आणि तरीही समाधान नसेल, तर जठराची तपासणी व्हायला हवी. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना यातून बरेच कळते. दोन तासांनी जे होते त्याचेही नीट निरीक्षण करा. ती साधी भूक आहे, कंटाळा आहे, की हातपाय थरथरणे, घाम, धडधड आणि गोडाची तीव्र ओढ आहे? गोड किंवा मैद्याचे पदार्थ घाईने खाल्ल्यावर एक ते तीन तासांत असे होत असेल, तर रक्तातली साखर आधी झपाट्याने वर जाऊन मग खाली येत असावी. तो प्रकार बायपासनंतर जास्त दिसतो, पण स्लीव्हनंतरही होतो, आणि त्यावर पुन्हा गोड खाल्ले की चक्र सुरूच राहते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाच दिवसांच्या त्या पातळ आहाराने जठर आकसत नाही. तुमचे दोन किलो उतरले ते कारण वेगळे : खाणे तुटले की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरते, आणि त्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी साठलेले असते, तेही निघून जाते. नेहमीचे खाणे सुरू झाले की साठा भरतो आणि पाणी परत येते. मघाशी सांगितलेला चार आठवड्यांचा अभ्यास घुमट शाबूत असलेल्या माणसांवरचा होता, तेव्हा त्याचा दाखला देऊन हा उपाय कोणी विकत असेल तर भुलू नका. यात तुमचे स्नायू झिजतात, आणि मधुमेहाची औषधे चालू असतील तर रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. तिसऱ्यांदा हा प्रयोग करू नका, ही विनंती.

तुमच्या पत्रातले दुसरे महत्त्वाचे वाक्य म्हणजे दीड वर्ष डॉक्टरांकडे न जाणे. सात किलोंपेक्षा मला या दीड वर्षाची काळजी जास्त वाटते. ब-१२ जीवनसत्त्व शोषून घ्यायला मदत करणारा घटक जठरातच तयार होतो, आणि तुमचे बरेचसे जठर गेलेले आहे. शरीरात ब-१२ चा साठा दीर्घकाळ पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा आणि चोरपावलांनी येते. लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांचेही तसेच. या तपासण्या दरवर्षी, आणि आयुष्यभर, करायच्या असतात. वजन वाढो अथवा न वाढो. वजन वाढण्याची इतर कारणेही तिथेच तपासली जातात : थायरॉइडचे काम मंदावणे, स्टेरॉइड, काही मानसोपचारातली आणि फिट्सवरची औषधे, इन्शुलिन, अपुरी झोप, रजोनिवृत्तीचा काळ. यातले काहीही तुम्हाला लागू असू शकते आणि ते घरी बसून कळणार नाही. मात्र उलट्या सतत होत असतील, घास अडकत असेल, पोटात जोराचे दुखत असेल, शौच काळे होत असेल, किंवा उलट्यांबरोबर हातापायांना मुंग्या, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे असे काही होत असेल, तर भेटीची वेळ ठरेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्यातली शेवटची लक्षणे थायमिन या जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची असू शकतात आणि तिथे उशीर परवडत नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार या सगळ्यानंतरचा आहे. तपासणीत बेरियमसारखे औषध पाजून क्ष-किरणांवर नळीचा आकार पाहतात, एंडोस्कोपीने आतून पाहतात, गरज पडली तर सी. टी. स्कॅन करतात. आकार ठीक निघाला तर आहारतज्ज्ञ, आणि खाण्यामागे ताण किंवा उदासी असेल तर समुपदेशक, यांच्याबरोबरचे काही महिन्यांचे काम हा पहिला उपाय. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही भूक कमी करणारी औषधे शस्त्रक्रियेनंतर परत चढलेल्या वजनासाठीही आता वापरली जातात आणि अनेकांना त्यांचा फायदा होतो. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि बंद केल्यावर वजन परतण्याकडे कल असतो, हे आधीच माहीत असावे. नळी खरोखर पसरलेली असेल तर तोंडावाटे एंडोस्कोप घालून आतून टाके घेऊन ती अरुंद करता येते. घुमटाचा तुकडा उरला असेल, किंवा पित्त सतत घशाशी येत असेल, तर स्लीव्हची बायपास करण्याचा पर्याय असतो. मात्र आधी कापलेल्या जठरावर पुन्हा काम करताना गळती आणि इतर गुंतागुंतीचा धोका पहिल्या खेपेहून जास्त असतो. केवळ सात किलोंसाठी, आणि ताणले गेल्याचा पुरावा नसताना, तो पत्करायचा सल्ला मी माझ्या घरच्या माणसालाही देणार नाही.

लाजेविषयी तुम्ही अगदी मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. ज्यांचे वजन चढते तेच रुग्ण येईनासे होतात आणि ज्यांना आमची सर्वांत कमी गरज आहे, ते न चुकता येतात, याचे मला फार वाईट वाटत आले आहे. रुग्ण काट्यावर उभा राहताना डोळे मिटून घेतो, तो क्षण मी अनेकदा पाहिला आहे. तुम्हाला हवे असेल तर काट्याकडे पाठ करून उभे राहा आणि आकडा मोठ्याने सांगू नका, असे परिचारिकेला सांगा; हे मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कोणी डॉक्टर तुमच्यावर रागावले तर तो त्यांचा दोष आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची मोकळीक तुम्हाला आहे. बहिणीला हे उत्तर वाचायला द्या. तिचे तुमच्यावर प्रेम आहे म्हणूनच ती बोलते, असे मी धरून चालते; पण तुमच्या ताटलीकडे पाहणे तिने थांबवावे. संध्याकाळी तुमच्यासोबत तासभर चालायला आली, तर तिची खरी मदत होईल.

भेटीला जाताना ती दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि जुने रक्ततपासणीचे कागद घेऊन जा. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मिळाली तर फारच उत्तम. नळी कापताना आत किती जाडीचे माप ठेवले होते आणि घुमट पूर्ण मोकळा केला होता का, हे त्या नोंदीत लिहिलेले असते आणि आज जे दिसते त्याची तुलना त्याच्याशी करावी लागते. ही नोंद तुमच्या घरच्या कागदांत नसेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागाकडे लेखी अर्ज करा आणि तो भेटीच्या आठ-दहा दिवस आधीच द्या, कारण जुने कागद शोधायला तिथे वेळ लागतो.